ट्रान्झिस्टरला सूचक दिवा

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दिवा मुद्दाम बसवावा लागत नसे. कळ फिरवताच काचेच्या पट्टीमागे पिवळसर उजेड पसरे आणि आवाज यायला अवकाश असला तरी यंत्र जागे झाल्याचे घरातल्या सर्वांना कळे. काही संचांत ‘मॅजिक आय’ नावाची हिरवी चमकणारी नळी असे. केंद्र नीट लागले की तिच्यातली सावली मिटत जाई. हा थाट परवडत होता, कारण तो संच घरातल्या विजेवर चाले. पुढे १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, १९५४ मध्ये ‘रीजन्सी टीआर-१’ हा हातात मावणारा संच विक्रीस आला, आणि रेडिओ सेलवर चालू लागला. या बदलात दिवा मागे पडला. विजेरीतील साधा अडीच व्होल्टचा बल्ब सुमारे ३०० मिलिअँपिअर विद्युतधारा घेतो, तर हळू आवाजात चालणारा लहान ट्रान्झिस्टर संच साधारण १५ मिलिअँपिअरवर भागवतो. घरमालकापेक्षा पाहुण्यानेच वीसपट जेवावे, असा तो हिशेब झाला असता.

दिवा गेल्याने जी अडचण उरली ती वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आवाज कमी करण्याची चकती शेवटपर्यंत फिरवली की रेडिओ गप्प होतो. पण शेवटची ‘टिक’ झाली नाही, तर तो बंद झालेला नसतो. रात्रभर तो मुकाट्याने सेल खात राहतो, आणि सकाळच्या बातम्या ऐकून फळ्यावर लिहिण्याची ज्याची पाळी असते त्याच्या वाट्याला नुसती खरखर येते. शिवाय जस्त-कार्बन सेलचे जस्ताचे भांडे हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. सेल वापरला जातो तसे ते भांडे आतून झिजते. पार निकामी झालेला सेल तसाच आत राहिला, तर तो पाझरू लागतो आणि रेडिओतील स्प्रिंगा गंजतात.

यावर उपाय म्हणजे प्रकाश देणारा डायोड, अर्थात एलईडी. १९६२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा डायोड तयार केला. त्याची तार तापून उजळत नाही, म्हणून तो फार थोड्या विजेवर चालतो. तरीही खरा प्रश्न एलईडी पेटवता येईल का, हा नाही. ती किती कमी विजेत पेटवता येईल, हा आहे. पुष्कळ ठिकाणी एलईडीला २० मिलिअँपिअर धारा द्यावी असे सांगितलेले असते. ते पाळले, तर आपला १५ मिलिअँपिअरचा संच ३५ मिलिअँपिअर खाऊ लागेल आणि साठ दिवस पुरणारे सेल सव्वीस दिवसांत संपतील. आजची चांगली तांबडी एलईडी मात्र एका मिलिअँपिअरवरही खोलीत स्पष्ट दिसते. तेवढ्यावर तेच सेल सुमारे छप्पन दिवस टिकतात.

हा चार दिवसांचा तोटा तरी का सोसावा? त्याचेही गणित सोपे आहे. रात्री दहा ते पहाटे पाच संच चुकून चालू राहिला, तर सात तासांत १०५ मिलिअँपिअर-तास वाया जातात. रेडिओ रोज तीन तास ऐकला, तर दिव्याचा खर्च दिवसाला ३ मिलिअँपिअर-तास. म्हणजे एका विसरलेल्या रात्रीच्या किमतीत पस्तीस दिवस दिवा जळतो. महिन्यातून एकदा तरी विसर पडत असेल, तर दिवा फायद्याचा आहे. जो एकटाच रेडिओ वापरतो आणि कधी विसरत नाही, त्याने हा उद्योग करू नये. परंतु अनेक हातांतून फिरणाऱ्या संचाला तो असावाच, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष जोडणी. एलईडी सेलला थेट जोडायची नसते. तांबड्या एलईडीवर सुमारे १.९ व्होल्ट राहतात. उरलेले व्होल्ट एका रोधकाने अडवावे लागतात, नाहीतर धारा अनावर होऊन ती जळते. दोन सेलच्या संचात ३ मधून १.९ वजा केले की १.१ व्होल्ट उरतात. एक मिलिअँपिअरसाठी ओहमच्या नियमाने रोध येतो ११०० ओहम, म्हणून दुकानात सहज मिळणारा १००० ओहमचा रोधक घ्यावा. त्याचे पट्टे तपकिरी, काळा, लाल असतात. चार सेलच्या, म्हणजे ६ व्होल्टच्या संचाला ३९०० ओहमचा चालतो. पांढरी किंवा निळी एलईडी दिसायला आकर्षक असली, तरी तिला जवळजवळ ३ व्होल्ट लागतात आणि दोन सेलच्या संचात ती लवकरच रुसते. आपोआप लुकलुकणारी एलईडीही टाळावी. तिची टिकटिक कधी कधी मध्यम लहरींच्या कार्यक्रमात ऐकू येते.

जोडणीची जागा हा या कामाचा गाभा. दिवा स्विचच्या अलीकडे, सेलच्या बाजूला जोडला, तर तो रेडिओ बंद असतानाही जळत राहील आणि सारा खटाटोप उलटेल. तो स्विचच्या पलीकडे, संचाच्या बाजूला हवा. बहुतेक संचांत स्विच आवाजाच्या चकतीच्या पाठीशीच असतो. मल्टिमीटरचे एक टोक स्विच ज्या ध्रुवावर नाही त्या ध्रुवाला लावावे व दुसऱ्या टोकाने स्विचचे दोन्ही जोड तपासावेत. रेडिओ चालू केल्यावरच ज्या जोडावर व्होल्ट दिसतात, तो आपला. स्विच धन तारेत असेल, तर तेथून रोधक, मग एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय सेलच्या ऋण टोकाला. काही संचांत स्विच ऋण तारेत असतो. तेथे आखूड पाय स्विचकडे आणि रोधकासह लांब पाय सेलच्या धन टोकाकडे जातो. उलट जोडल्यास एलईडी पेटत नाही, इतकेच.

भोक पाडण्यापूर्वी सेल काढावेत, आणि घरच्या विजेवरही चालणारा संच असेल तर त्याची वायर आधी भिंतीतून काढावी; हे मुलांनी विसरता कामा नये. आतील काळ्या फेराइट कांडीवर केसासारख्या बारीक तारा गुंडाळलेल्या असतात. त्यातली एक तुटली, तरी केंद्रे नाहीशी होतात. म्हणून भोक तिच्यापासून दूर, शक्यतो चकतीजवळ, हलक्या हाताने पाडावे.

काहीजण दिव्याच्या जोडीला एक साधा सिलिकॉन डायोड घालतात व रोधक ४७० ओहमचा करतात. मग दोन सेलचे व्होल्ट २.४ च्या आसपास उतरले की दिवा विझत जातो आणि सेल संपत आल्याचे कळते. युक्ती चतुर आहे. पण सेल उतरलेले असताना विसरून चालू राहिलेला रेडिओ या दिव्याला दाखवता येत नाही. सर्वांच्या वापरातील संचाला साधा दिवाच बरा.

साधा दिवाही सेलची प्रकृती सांगतो, फक्त जरा पाहावे लागते. सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. आवाज मोठा केला की संच जास्त धारा ओढतो, व्होल्ट क्षणभर खाली येतात आणि तबल्याच्या थापेबरोबर दिवा लवतो. नव्या सेलवर तो स्थिर असतो. असा लवू लागला की सेल बदलावेत. काढलेले सेल लगेच फेकू नयेत. भिंतीवरच्या घड्याळाला लागणारी धारा इतकी थोडी असते की रेडिओने टाकलेला सेल तेथे पुढे कित्येक आठवडे चालतो.