घाम येतो, पण वाळत नाही: किनाऱ्यावरचा उष्माघात समजून घेऊया



एप्रिल-मे आला की जेटीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "नागपूरला ४५ अंश असतं, आपल्या गोव्यात जेमतेम ३३-३४. आपल्याला कसला उष्माघात?" ऐकायला बरोबर वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. हवा किती तापली एवढ्यावर सगळं ठरत नाही. अंगात तयार होणारी उष्णता बाहेर पडते की नाही, यावर ठरतं. हे नीट कळावं म्हणून मासळीपासून सुरुवात करूया, कारण मासळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

🐟 बांगडा आणि कुपा यांतला फरक

बांगडा, तारली, इसवण यांचं अंग साधारण भोवतालच्या पाण्याइतकंच गरम किंवा थंड असतं. पोहताना त्यांच्या अंगातही थोडी उष्णता तयार होते. पण रक्त कल्ल्यांत गेलं की तिथं रक्त आणि समुद्राचं पाणी यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. उष्णता तिथूनच पाण्यात निघून जाते. त्यामुळं वरचं पाणी फार तापलं तर या मासळीकडं उपाय एकच, जागा बदलायची. खोल जायचं, नाहीतर थंड पाण्याकडं सरकायचं.

कुपा, म्हणजे टूना, याचं वेगळं आहे. त्याच्या अंगात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. स्नायूंकडून येणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं थंड रक्त तिथं अगदी शेजारून, उलट दिशांनी वाहतं. गरम रक्त आपली उष्णता थंड रक्ताला देतं आणि ती कल्ल्यांपर्यंत न जाता अंगातच राहते. म्हणून कुप्याचं अंग पाण्यापेक्षा काही अंश गरम असतं. जॉन डेव्ही या इंग्रज डॉक्टरनं १८३५ मध्येच थर्मामीटर लावून ही नोंद केली होती. गरम स्नायू जोरात काम करतात, म्हणून कुपा इतका वेगवान.

पण हीच गोष्ट पकडल्यावर उलटते. धडपड करून तो आणखी तापतो आणि जाड अंगातली उष्णता लवकर बाहेर येत नाही. तसाच डेकवर पडला तर मांस खराब होतं आणि जिवाणूंमुळं त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. म्हणून कुपा आला की लगेच रक्त काढा, साफ करा आणि बर्फ-पाण्यात बुडवा. बांगडा-तारलीतही हिस्टामिन होतं, त्यामुळं त्यांनाही बर्फ वेळेवर हवाच.

🌡️ आता माणसाचं

आपलं शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास राहावं लागतं. मेंदूतला एक छोटा भाग यावर सतत लक्ष ठेवून असतो. माणूस स्वस्थ बसला तरी १०० वॉटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतो. जाळं ओढताना, क्रेट उचलताना ती चार-पाच पट होते. ती बाहेर टाकायला शरीर आधी कातडीकडं जास्त रक्त पाठवतं, म्हणून तोंड लाल होतं. वारा लागला की त्यातली थोडी उष्णता निघून जाते. पण कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवाही तेवढीच तापली तर हा रस्ता बंद. मग उरतो फक्त घाम.

घामाची ताकद मोठी आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढ्या उष्णतेनं बर्फासारखं थंड साडेपाच लिटर पाणी उकळेल. मात्र अट एकच, घाम वाळला पाहिजे. अंगावरून टपकलेला घाम जवळजवळ फुकट गेला.

दमट हवेत मासळी वाळत घातली तर काय होतं, हे आपल्या बायाबापड्यांना विचारा. ऊन असूनही ती ओलीच राहते. घामाचंही तसंच. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो. इथं ३४ अंशांतही तो नुसता गळतो. त्यात वारा पडलेला, इंजिन रूमची धग, नाहीतर अंगावर रेनकोट आणि गमबूट असले तर अंगातली उष्णता जाणार कुठं?

याची मर्यादाही शास्त्रज्ञांनी सांगितली आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला आणि तरीही त्यानं ३५ अंश दाखवले, तर सावलीत बसून पाणी पिणारा धडधाकट माणूससुद्धा काही तासांपलीकडं टिकत नाही. कष्ट करणाऱ्याला त्याच्या बरंच आधी त्रास सुरू होतो.

प्राण्यांचे उपाय वेगळे. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, म्हणून तो जीभ काढून धापा टाकतो. डॉल्फिनला घाम येत नाही. चरबीचा थर त्याला ऊब देतो आणि जास्तीची उष्णता तो पर आणि शेपटीतून पाण्यात सोडतो. आपल्याकडं मात्र घाम आणि अक्कल एवढंच आहे.

⚠️ बोटीवर काय करायचं

१. तहान लागायची वाट बघू नका. दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं पाणी प्या. घाम फार गेला तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दारूनं शरीरातलं पाणी आणखी कमी होतं.

२. नव्या खलाशाला, किंवा सुट्टीहून आलेल्याला, पहिले ८-१० दिवस हलकं काम द्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

३. इंजिन रूममध्ये पाळी लावा. एकटा माणूस तासन् तास नको.

४. चक्कर, मळमळ, पायांत गोळे आले की काम बंद. सावली, वारा, पाणी.

५. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरीही! कपडे सैल करा, अंगावर सतत थंड पाणी ओता, वारा घाला. बर्फ तर बोटीवर असतोच. फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करा, थांबू नका. त्याच वेळी दुसऱ्यानं समुद्रात असल्यास तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा वायरलेसवर कळवावं. जेटीवर असल्यास १०८.

🌊 पाण्यात पडलात तर

इथं सगळं उलट. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगाची उष्णता ओढून घेतं. आपला समुद्र २८ अंश असला तरी ३७ अंशांच्या शरीराला तो थंडच. बरेच तास काढावे लागले तर माणूस गारठतो. म्हणून लाइफ जॅकेट घालून गुडघे छातीशी घ्या, उगाच पोहत बसू नका. दोघं-तिघं असाल तर एकमेकांना बिलगून राहा.

१ जूनची बंदी जवळ आली की शेवटच्या फेऱ्यांची घाई होते आणि नेमका तेव्हाच उकाडा सगळ्यात वाईट असतो. आपल्या बोटींवरचे बरेच खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून येतात. त्यांना हे मराठी वाचता येणार नाही. मालीम असो वा कुटबण, बोटमालक आणि तांडेलांनी बोट सुटण्याआधी पाच मिनिटं काढून त्यांना हे हिंदीत समजावून सांगावं, ही विनंती. त्यांची घरची माणसं फार लांब आहेत. इथं त्यांची काळजी घेणारे आपणच.

– सचिव, संस्थेच्या वतीनं