बाटलीवरच्या हिरव्या पानाचं बिल कोण भरतं?

शॅम्पू घेताना तुम्ही काय बघता? वास, ऑफर आणि ऑफिसातल्या मैत्रिणीने काय सांगितलंय ते. खरं ना? पण हल्ली मॉलमधल्या शेल्फसमोर उभं राहिलं की बाटल्याच बोलायला लागतात. 'ग्रीन', 'नॅचरल', 'अर्थ फ्रेंडली'! प्रत्येकीवर एक तरी हिरवं पान हमखास. दीडशेची बाटली सोडून आपण पाचशेची उचलतो, ती बऱ्याचदा या पानापायीच. मग जादाच्या साडेतीनशेत नेमकं मिळतं काय, हा हिशेब मागायला नको?

मी तो मागायचा ठरवला आणि नमुना म्हणून घेतला 'अवेदा' हा ब्रँड. होर्स्ट रेकेलबाखर हा मूळचा ऑस्ट्रियाचा हेअरड्रेसर. अमेरिकेत मिनियापोलिसला त्याचा सलॉन होता. गडी आयुर्वेदाच्या प्रेमात पडला आणि १९७८ मध्ये त्याने ही कंपनी काढली. नावसुद्धा आपल्या संस्कृतमधून उचललेलं!

पण नावाने काय होतं? काम बघा. १९९३ मध्ये कंपनीने ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलातल्या यावानावा आदिवासींशी करार केला. ते उरुकू पिकवणार, कंपनी विकत घेणार. उरुकू म्हणजे आपली शेंदरी, जिच्या बियांपासून केशरी रंग निघतो. फंडा सोपा आहे. झाड तोडण्यापेक्षा ते राखण्यात चार पैसे सुटले, तर जंगल टिकतं आणि माणसंही टिकतात.

१९९७ मध्ये एस्टी लॉडर या बड्या कंपनीने अवेदा विकत घेतली. मोठ्या माशाने छोटा मासा गिळला की तत्त्वं आधी पचतात, असा आपला अनुभव. इथे मात्र २०२१ मध्ये मध आणि मेणसुद्धा काढून सगळी प्रॉडक्ट्स व्हीगन झाली आणि २०२२ मध्ये 'बी कॉर्प' प्रमाणपत्र मिळालं. ते मिळवायचं तर कामगार, समाज आणि पर्यावरण यांच्याशी कंपनी कशी वागते, हे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. स्वतःच स्वतःची पाठ थोपटून चालत नाही.

आता आपल्याकडे या. 'क्रुएल्टी फ्री' लिहिलेलं दिसलं की आपण खूश! पण कॉस्मेटिक्सची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासूनच बंदी आहे. कायद्याने जे करावंच लागतं, त्याचे एक्स्ट्रा पैसे का मोजायचे? 'नॅचरल', 'ग्रीन' अशा मोघम शब्दांनाही पुरावा हवा, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. म्हणजे पुरावा मागणं हा तुमचा आगाऊपणा नाही, हक्क आहे.

आणि पुडीचं काय? १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'चिक'सारख्या ब्रँडने शॅम्पूची पुडी घराघरांत नेली. ज्याला बाटली परवडत नव्हती, त्याचेही केस शॅम्पूने धुतले जाऊ लागले. ही सामाजिक बाजू खोटी नाही. पण पुडीत प्लॅस्टिकचे वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे तिचं रिसायकलिंग महाकठीण. आमच्या सोसायटीत कचरा वेचणाऱ्या मावशींना मी विचारलं, ''मावशी, बाटल्या घेतल्या, पुड्या का ठेवल्या?'' त्या म्हणाल्या, ''बाटली भंगारात जाती ताई. पुडीला कोण पैसं देतंय?'' एवढं नेमकं उत्तर मला एकाही ब्रोशरमध्ये सापडलं नाही.

आणखी एक झटका देऊ? शॅम्पूमुळे होणाऱ्या कार्बन प्रदूषणाचा सगळ्यात मोठा वाटा कारखान्यातून किंवा बाटलीतून येत नाही. केस धुवायला तापवलेल्या पाण्यातून येतो. म्हणजे जबाबदारीचा एक तुकडा तुमच्या-माझ्या बाथरूममधल्या गिझरच्या बटणावर आहे!

तेव्हा पुढच्या खरेदीला तीनच प्रश्न विचारा. कच्चा माल कुणाकडून आणि कसा घेतला? दावा कुणी तपासला? रिकामी बाटली किंवा पुडी कुठे जाणार? उत्तर मिळालं, तर साडेतीनशे वसूल. नाही मिळालं, तर दीडशेची बाटली घ्या, गिझर पाच मिनिटं आधी बंद करा आणि उरलेल्या पैशांत वीकएंडला मस्त मिसळ हाणा!