टाकी, रेझिन आणि पंपावरचं पेट्रोल

पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग आपल्या देशात 2001 साली सुरू झाला, आणि ज्या मोजक्या ठिकाणी तो झाला त्यांतलं एक आपल्याच जिल्ह्यातलं मनमाड. दुसरं मिरज, तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीकडे. नाशिक जिल्ह्याच्या गौरवगाथा लिहिणाऱ्यांना द्राक्षं, कांदा, येवल्याची पैठणी आणि ओझरची मिग विमानं आठवतात. मनमाडच्या या मानाचा उल्लेख कुणी करत नाही. मी करतो, कारण ओझर आणि मनमाड या दोन गावांच्या मधेच माझा सगळा छंद अडकून पडला आहे. विषय असा: घरी बांधलेलं विमान, त्याची फायबरची टाकी आणि तिच्यात ओतायचं गाडीचं पेट्रोल.

सुरगाण्यासारख्या गावात बसून हा विषय कशाला, असं संपादकांनीही विचारलं. इथं धावपट्टी नाही, आहे तो घाट, भात-नागली आणि अलीकडची स्ट्रॉबेरी. पण माझा धंदा फायबरचा. दरवाजे, साचे, टाक्या. आणि विमानाची टाकी ही शेवटी टाकीच.

घरी विमान बांधणं म्हटलं की मराठी माणसाला कॅप्टन अमोल यादव आठवतात, आणि ते योग्यच आहे. कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याला नोंदणी मिळाली, 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना आणि 2020 मध्ये ते धुळ्यात आकाशात गेलं. परवान्यांच्या त्या वर्षांवर स्वतंत्र लेख होईल, तो इतरांनी लिहावा. मात्र दिवाळीच्या व्याख्यानांत दरवर्षी शिवकर बापूजी तळपदे यांचं 1895 सालचं चौपाटीवरचं विमान उडवणारे जे वक्ते असतात, त्यांना एक विनंती आहे. त्या विमानाच्या इंधनाबद्दल पाऱ्याच्या पलीकडे काही सांगता येत असेल तर सांगा. नसेल तर ज्या गच्चीवर खरोखर विमान उभं राहिलं तिथले जिने चढा.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, तिथं मी रेंगाळणार आहे.

फायबरचं घरगुती विमान हे अमेरिकेतल्या बर्ट रूटान यांचं देणं. त्यांचं ‘व्हेरीझी’ 1975 मध्ये उडालं, ‘लाँग-ईझी’ 1979 मध्ये. साचा नाही, महाग हत्यारं नाहीत. फोमचा ठोकळा घ्यायचा, तापलेल्या तारेनं पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचं कापड अंथरून इपॉक्सी पाजायची. आम्ही धंदेवाईक लोक साचा बनवण्यात महिना घालवत होतो, तेव्हा हा माणूस साचाच रद्द करून मोकळा झाला. त्यांच्या वार्तापत्राच्या झेरॉक्स प्रती मला ओझरच्या एका निवृत्त कामगारामुळे वाचायला मिळाल्या. त्या कागदांवर तेलाचे डाग होते आणि समासात पेन्सिलीनं मराठी टिपणं. त्या टिपणांतच मी पहिल्यांदा वाचलं की निळा फोम आणि पेट्रोल यांची गाठ पडता कामा नये.

का, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. थर्मोकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचा थेंब टाका, खड्डा पडतो. पंखातला निळा फोम म्हणजे थर्मोकोलचाच घट्ट भाऊ. म्हणून रूटान यांनी टाकी पंखात ठेवलीच नाही. पंख आणि धड यांच्या मधला जो रुंद त्रिकोणी भाग, तिथं ती बसवली, आणि त्या भागासाठी पेट्रोलमध्ये न विरघळणारा वेगळा फोम वापरला. लाँग-ईझीच्या दोन्ही बाजू मिळून 200 लिटरच्या आसपास इंधन मावतं. टाकी वेगळी ठेवलेली वस्तू नव्हे, विमानाचं अंगच टाकी. वजन वाचतं, पण गळती झाली तर बदलायला सुटा भाग नाही. याच विचाराची परिसीमा म्हणजे 1986 चं ‘व्हॉयेजर’: 17 टाक्या, आणि उड्डाणाच्या वेळी विमानाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग इंधन. नऊ दिवसांत न थांबता, वाटेत इंधन न भरता ते पृथ्वीभोवती फिरून आलं.

पण व्हॉयेजरच्या टाक्यांत मनमाडचं पेट्रोल नव्हतं.

टाकीचं भवितव्य काचेच्या कापडावर ठरत नाही, रेझिनवर ठरतं. आमच्या धंद्यात सगळ्यात स्वस्त ते पॉलिएस्टर. दरवाजा, कूलर, पाण्याची टाकी यांना उत्तम. पेट्रोललाही साधारण टिकतं. पण त्याच्या साखळीतले जे एस्टरचे दुवे असतात त्यांच्यापाशी अल्कोहोल आणि पाणी जोडीनं येऊन बसतात. अमेरिकेत 2003-04 च्या सुमारास न्यूयॉर्क, कनेक्टिकटच्या बाजूला पेट्रोलात इथेनॉल आलं आणि तीस-तीस वर्षं बिनतक्रार चाललेल्या जुन्या बोटींच्या फायबरच्या टाक्या सुटू लागल्या. टाकी फुटली नाही. तिच्यातलं विरघळलेलं पेट्रोलबरोबर इंजिनात गेलं आणि वाल्व्हवर काळ्या चिकट्याचा थर झाला. बोटीचं इंजिन बंद पडलं तर माणूस वल्हं मारत किनाऱ्याला लागतो. विमानात वल्हं नाही.

पॉलिएस्टरच्या वरची पायरी व्हिनाइल एस्टर. ग्लासेअर जातीच्या विमानांनी ती धरली. त्यात एस्टरचे दुवे थोडे आणि साखळीच्या टोकांना असतात. त्याच्या बाजूला इपॉक्सी. तिच्यात हे दुवेच नाहीत, म्हणून आमच्यातले बहुतेक लोक ‘इपॉक्सी म्हणजे निर्धास्त’ असं म्हणून झोपी जातात. माझं भांडण इथं सुरू होतं.

इपॉक्सी निर्धास्त तेव्हाच, जेव्हा ती पूर्ण पिकलेली असते. आमच्याकडे सहज मिळते ती अरल्डाइटची एलवाय 556 आणि तिचा एचवाय 951 हार्डनर. किंवा सीमेपलीकडे वलसाडजवळच्या अतुलची लॅपॉक्स एल-12 आणि के-6. सुरगाण्याहून वलसाड नाशिकपेक्षा फार लांब नाही, म्हणून मला दुसरी जोडी जवळची. दोन्हींचा हार्डनर झटकन चढतो, दुसऱ्या दिवशी टाकी हाताला दगडासारखी लागते, आणि माणूस फसतो. खोलीच्या तापमानाला पिकलेल्या इपॉक्सीच्या साखळीत मोकळ्या जागा राहतात. इथेनॉलचा रेणू लहान, पाण्यासारखा ओढाळ. तो त्या जागांत शिरतो आणि रेझिन आतून मऊ करतो. अशी टाकी साध्या पेट्रोलात वर्षानुवर्षं चालेल, आज पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात फुगेल.

उपाय म्हणजे भाजणं. पोस्ट-क्युअर. लाकडी पेटी, आत बल्ब, एक थर्मामीटर. तापमान हळूहळू साठाच्या पुढे न्यायचं, तिथं काही तास धरायचं, तसंच हळू उतरवायचं. घाईनं चढवलं तर टाकी मुरडते, कारण अर्धी पिकलेली इपॉक्सी गरम झाली की आधी मऊ पडते. सुरगाण्यात वीज जाते, तेव्हा पेटीला गोधडी गुंडाळायची. टाकीच्या आतल्या पहिल्या दोन थरांना शक्य असेल तर नोव्होलॅक जातीची इपॉक्सी वापरावी. तिची जाळी दाट असते, पण तीही उष्णतेशिवाय पिकत नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची, आणि ती पुस्तकांत पुरेशी येत नाही, कारण पुस्तकं लिहिणारे कोरड्या वाळवंटात राहतात. आमच्याकडे जूनपासून भिंतींना पाझर फुटतो. अशा हवेत थर दिला की त्यावर तेलकट, मेणचट सायीसारखा पापुद्रा येतो. हार्डनरमधलं अमाइन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळून तो तयार करतं. त्यावर दुसरा थर दिला तर दोन थरांमध्ये ओलाव्याची चादर कायमची बंद होते, आणि इथेनॉलला आत शिरायला तीच वाट सापडते. कोमट पाणी आणि घासणी, मग कोरडं फडकं, मग पॉलिश पेपर, या क्रमानं तो काढायचा. थिनरनं पुसणारे तो नुसता पसरवतात. मी तर म्हणतो, टाकीचं काम होळीनंतर हाती घ्यावं आणि आभाळ भरून यायच्या आत संपवावं.

मग बरणीची परीक्षा. या परीक्षेचा पुरस्कार मी इतकी वर्षं करत आलो की मित्र मला ‘बरणीवाले’ म्हणतात. टाकीसाठी जे रेझिन, जे कापड, जी भाजणी, त्याचीच पट्टी कापायची. सोनाराकडे तिचं वजन करायचं. एक बरणी विमानाच्या पेट्रोलची, एक इथेनॉल नसलेल्या पेट्रोलची, एक पंपावरच्या पेट्रोलची, आणि चौथी पंपावरच्याच पेट्रोलात थोडं पाणी घातलेली, कारण खऱ्या टाकीत पाणी येतंच. सावलीत, चुलीपासून लांब. दर आठवड्याला पट्टी पुसून वजन. वजन चढून थांबलं तर ठीक. चढतच राहिलं तर रेझिन पीत आहे. चढून पुन्हा उतरू लागलं तर समजावं की रेझिनमधलं काहीतरी बाहेर निघून चाललं आहे, आणि ते कुठं जाऊन बसेल ते बोटवाल्यांना विचारा. नखानं ओरखडा काढून पाहावा. पेट्रोलाचा रंग पाहावा.

पंपावरच्या पेट्रोलात काय आहे हेही स्वतः पाहावं. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात दहाच्या रेघेपर्यंत पाणी, वर नव्वद पेट्रोल, हलवायचं, थांबायचं. इथेनॉल पाण्याकडे धावतं आणि खालचा थर दहावरून पंचविशीच्या पुढे सरकतो. पेट्रोल शुद्ध असेल तर दहालाच राहतो. महागड्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलात इथेनॉल आहे की नाही, यावर लोक पंपावर पैज लावतात. पैजेपेक्षा मोजपात्र स्वस्त.

इंजिनाचा भाग लवकर उरकतो. छोट्या विमानांत आज रोटॅक्स 912 चं राज्य आहे. एनसीसीच्या पिपिस्ट्रेल व्हायरसवरही तेच. 2015 मध्ये अशा 194 फायबरच्या मायक्रोलाइटचा करार झाला, हवाई दल आणि नौदल धरून. शंभर अश्वशक्तीच्या 912 ला 95 ऑक्टेन लागतं आणि इथेनॉल जास्तीत जास्त दहा टक्के चालतं. गंमत अशी की पूर्वी आपल्या साध्या पेट्रोलात इथेनॉल बेताचं होतं, पण ऑक्टेन 91. आता इथेनॉलमुळे ऑक्टेन 95 ला पोचलं आणि इथेनॉल वीसला. एक अट पुरी होते तेव्हा दुसरी मोडते. विमानाचं शिसेयुक्त पेट्रोल इंडियन ऑइल 2022 पासून वडोदऱ्याजवळ बनवते, पण ते लहान गावात पोचत नाही आणि त्यातलं शिसं रोटॅक्सला आवडत नाही. रबराच्या नळ्या, वॉशर, कार्ब्युरेटरचे फ्लोट यांची यादी सगळ्यांना पाठ आहे; ती मी गाळतो.

पाण्याबद्दल मात्र दोन शब्द. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून पाण्याचे थेंब शोधायची जुनी सवय आहे. इथेनॉलाच्या पेट्रोलात पाणी विरघळून लपतं, थेंब दिसत नाही. वर थंड हवेत ते इथेनॉलला बरोबर घेऊन खाली बसतं, आणि इंजिन आधी तोच थर ओढतं. वर उरलेल्या पेट्रोलाचं ऑक्टेनही घटलेलं असतं. ‘लाखो गाड्या चालतात, मग विमानाला काय धाड भरली’ असं एक ज्येष्ठ स्नेही प्रत्येक भेटीत म्हणतात. गाडी सात हजार फुटांवर थंड होत नाही. गाडीची टाकी हाताने बनवलेली नसते. आणखी एक पंथ आहे: टाकी गळाली की आत सीलंट ओतून फिरवणारा. त्यातली जुनी सीलंटं अल्कोहोलमध्ये सुटतात आणि पापुद्रे जाळीत अडकतात. टाकी कापा, आतून घासा, पुन्हा थर द्या. हे काम दोन दिवसांचं आहे, ते कुणाला नको असतं.

नव्या पिढीबद्दल लिहिताना माझा सूर कडवट होतो, त्याला इलाज नाही. नाशिकच्या कॉलेजांतली पोरं ड्रोन उत्तम बनवतात, कार्बनचं कापड हाताळतात, पण बॅटरीवर. पेट्रोलाचा वास त्यांच्या हाताला नाही. रेझिनच्या डब्याबरोबर येणारा माहितीचा कागद उघडून भाजणीचा तक्ता वाचणारा मुलगा मला गेल्या काही वर्षांत भेटला नाही. व्हिडिओत जे दिसत नाही ते नाहीच, असा हिशोब. भाजणी व्हिडिओत दिसत नाही. ती रात्रभर चालते.

आणि आता वीसच्या पुढे सत्तावीस टक्क्यांची भाषा ऐकू येते. साखर कारखान्यांच्या दृष्टीनं ते योग्यही असेल, मी शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणारा माणूस नाही. पण पंपावर जितके टक्के मिसळले आहेत तितका आकडा ठळक छापायला काय हरकत आहे? तोवर ज्यांच्या टाक्या तयार आहेत त्यांनी आपल्याच टाकीच्या उरलेल्या पट्ट्या घ्याव्यात, पंपावरच्या पेट्रोलातलं इथेनॉल स्वतः सत्तावीस टक्क्यांपर्यंत वाढवून एक पाचवी बरणी आत्ताच भरावी. ‘लाखो गाड्या चालतात’ म्हणणाऱ्या स्नेह्यांनाही माझं हेच सांगणं आहे. त्यांनी पट्टी पाठवावी. बरणी मी देईन.