केर्नगॉर्मचा उत्सव आणि धडा

स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पर्वतप्रदेशांत सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारीं ब्रेमार गांवीं मोठा मेळावा भरतो. १८४८ सालीं व्हिक्टोरिया राणी त्यास उपस्थित राहिली; तेव्हांपासून राजघराण्याचा त्याशीं संबंध जडला. बॅगपाइपांच्या नादांत नृत्यें होतात आणि मल्ल सुमारें ६० किलोचा उभा ओंडका उचलून उलथा फेकतात. मौज अशी कीं, तो किती दूर गेला हें कोणी मोजीत नाहीं. किती सरळ पडला एवढेंच पाहतात.

हा संयम पर्वतारोहणांतही हवा. हिवाळ्यांत येथील उंच पठारावर हिमवादळ उठलें म्हणजे आकाश व भूमि एकरूप होतात. नोव्हेंबर १९७१ मध्यें एडिंबरोचे ६ विद्यार्थी दोन मार्गदर्शिकांसह तेथें अडकले. जवळचें आश्रयगृह गांठण्याची त्यांची आशा फोल ठरली. ५ मुलें आणि १८ वर्षांची साहाय्यक मार्गदर्शिका थंडीनें मृत्यु पावलीं. त्या आश्रयगृहाचा भरंवसाच घातक, असें ठरून १९७५ त तें पाडण्यांत आलें.

मुलांनीं डोंगर चढावे, असेंच आम्हांस वाटतें. परंतु आम्ही जन्मभर शाळेंत काढलेलीं माणसें. ‘पुढें चला’ म्हणणारे गुरु पुष्कळ पाहिले. वेळींच ‘मागें फिरा’ म्हणणारा गुरु वाचकांच्या मुलांस लाभो!