मनाच्या औषधाची खबरदारी : महाड-पोलादपूर परिसरासाठी काही सूचना

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाड शहराला पुराची ओळख नवी नाही. तथापि 22 जुलै 2021 रोजी या परिसरावर फार मोठे संकट कोसळले. शहराची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली, तर पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्यापूर्वी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला होता व त्यासोबत एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या होत्या. अशा आघातानंतर घरे पुन्हा बांधता येतात. परंतु झोप उडणे, अन्न नकोसे होणे, कशातच मन न लागणे या तक्रारी पुढे अनेक महिने टिकून राहतात. पुष्कळदा हे दुःख काळाबरोबर ओसरते. काहींच्या बाबतीत मात्र ते नैराश्य या आजाराचे रूप घेते, आणि त्यावर औषधोपचार आवश्यक ठरतो.

या उपचारात वापरल्या जाणाऱ्या औषधांचा एक जुना वर्ग ‘ट्रायसायक्लिक’ या नावाने ओळखला जातो. रेणूच्या रचनेत तीन वलये एकमेकांस जोडलेली असल्यामुळे हे नाव पडले. यांपैकी पहिले औषध इमिप्रमिन होय. स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलँड कून यांनी ते नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिले व 1957 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमिट्रिप्टिलिन त्यानंतर आले. मेंदूतील नॉरअॅड्रेनॅलिन व सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये मज्जापेशींत परत शोषली जाण्यास ही औषधे अटकाव करतात. आज नैराश्यासाठी बहुधा त्यांहून सौम्य अशी नवी औषधे प्रथम दिली जातात. तरीही अमिट्रिप्टिलिनचा वापर थांबलेला नाही. मधुमेहामुळे होणारी पायांची आग, जुनाट अर्धशिशी यांसाठी ते अल्प मात्रेत सर्रास दिले जाते. त्यामुळे ‘आम्हाला काही मनाचा आजार नाही’ असे म्हणणाऱ्या घरातही ही गोळी असू शकते, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावे.

ही गोळी डोकेदुखीच्या गोळीप्रमाणे तासाभरात गुण देत नाही. मन हलके होण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्रास मात्र पहिल्याच दिवसापासून जाणवतो. तोंड कोरडे पडणे, मलावरोध, जवळचे अक्षर अंधुक दिसणे, गुंगी येणे हे ते त्रास होत. म्हणूनच मात्रा थोडीशी, बहुधा रात्री झोपताना, सुरू करून हळूहळू वाढविली जाते. नेमक्या याच काळात रुग्ण ‘औषध लागू पडत नाही’ असे म्हणून ते सोडून देतो. हा पहिला महिना पार पाडण्यास घरच्यांचा आधार लागतो. कोरड्या तोंडासाठी वारंवार घोटभर पाणी, मलावरोधासाठी पालेभाज्या व इसबगोल एवढे साधे उपाय बहुधा पुरतात. लघवी अडणे किंवा डोळ्यांत तीव्र वेदना होणे ही लक्षणे मात्र साधी नव्हेत. तेव्हा विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. काचबिंदू किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा विकार असलेल्यांनी तो आधीच सांगितलेला बरा.

गोळी घेणारा मनुष्य एकदम उठून उभा राहिला तर रक्तदाब झपाट्याने उतरून त्याला भोवळ येऊ शकते. ही गोष्ट महाडकरांना वेगळ्या संदर्भात परिचित आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व पुढे महाड येथे काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचविले. त्या रुग्णांनाही गोळी दिल्यानंतर काही तास आडवेच ठेवावे लागते, कारण उठवले तर रक्तदाब कोसळतो. ट्रायसायक्लिक औषधांत हाच गुण काही अंशी असतो. तेव्हा भातलावणीत तासन् तास वाकून काम करणाऱ्या बाईने किंवा रात्री लघवीसाठी उठणाऱ्या वृद्धाने आधी बसावे, क्षणभर थांबावे आणि मग आधार घेऊन उभे राहावे. खुब्याचे हाड मोडल्यावर हा सल्ला आठवून उपयोग नाही. घाम कमी येत असल्याने मे महिन्याच्या उन्हात लाकूडफाटा आणण्यासारखी कामे सकाळीच उरकावीत.

गुंगीचा विचार या भागात विशेष करावा लागतो. कशेडी, आंबेनळी व वरंध या घाटांतून वाहन चालविणारे, महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीत यंत्रांजवळ उभे राहणारे, अशांनी औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर शरीर सरावेपर्यंत ही कामे टाळावीत. दारू पूर्णपणे वर्ज्य समजावी. शिमग्याच्या दिवसांत ‘एवढ्याने काय होते’ असा आग्रह करणाऱ्यांना घरातील वडीलधाऱ्यांनी आवरावे; मद्य आणि ही गोळी मिळून गुंगी कित्येक पटींनी वाढते. सर्दीच्या बहुतेक गोळ्या, पोटात कळ आल्यावर घेतली जाणारी डायसायक्लोमिन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि नैराश्याचीच काही नवी औषधे यांच्याशीही तिचे जमत नाही. म्हणून दुकानातून कोणतेही औषध घेताना, दात काढताना, शस्त्रक्रियेपूर्वी अथवा विंचूदंशाच्या उपचारावेळी चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. हृदयविकार, अपस्मार, पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके, गर्भारपण यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. हृदयाची तक्रार असल्यास प्रथम हृदयालेख काढणे इष्ट ठरते.

आता सर्वांत गंभीर बाब. ठरलेल्या मात्रेत उपकारक असणारे हे औषध अधिक प्रमाणात पोटात गेल्यास हृदयाची लय बिघडवून प्राण घेऊ शकते. लहान मुलाच्या बाबतीत तर थोड्या गोळ्याही घातक ठरतात. उपचाराच्या आरंभी, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांत, आत्महत्येचे विचार बळावण्याची शक्यता असते. त्यामुळे एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या आणाव्यात. त्या कुलपात ठेवाव्यात व घरातील जबाबदार व्यक्तीने रोजची मात्रा हाती द्यावी. या गोळ्या 10, 25, 50, 75 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या शक्तींत मिळतात. पाकिटावरील आकडा प्रत्येक वेळी पाहावा. एखादी मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. जादा गोळ्या घेतल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये. बळेच वांती करविण्याच्या फंदात न पडता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्यावे. पहिल्या काही तासांत मनुष्य शुद्धीत दिसतो व अचानक ढासळतो, असा अनुभव आहे. रुग्णालयात शिरेवाटे सोडियम बायकार्बोनेट देऊन हृदय सावरता येते. मात्र त्यासाठी वेळेत पोचणे आवश्यक आहे. पोलिसांच्या भीतीने असे रुग्ण दडवून ठेवले जातात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा केली जात नाही. ग्रामसभेत ही एक गोष्ट सांगितली तरी पुष्कळ काम होईल.

उलट दिशेची चूक म्हणजे औषध एकाएकी बंद करणे. त्यामुळे मळमळ, डोकेदुखी, निद्रानाश असे त्रास होतात व आजारही उलटतो. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करावयाचे असते. या तालुक्यांतील घरटी एक-दोन माणसे मुंबईस असतात. गणपतीला गावी आलेला चाकरमानी मुंबईच्या डॉक्टरांची गोळी मोजून आणतो, रजा वाढते आणि गोळी संपते. चिठ्ठीशिवाय हे औषध विकता येत नाही, व तसेच ते असावे. तेव्हा चिठ्ठीची प्रत जवळ बाळगावी. पावसाळ्यात घाट बंद होणे नित्याचे असल्याने वाडी-वस्तीवरील रुग्णासाठी आठवडाभराचा शिल्लक साठा असावा, पण तो वर सांगितल्याप्रमाणे कुलपातच. पुराचा इशारा मिळाला की कागदपत्रांच्या पिशवीतच औषध व चिठ्ठी ठेवावी, याची आठवण आशा सेविकांनी करून द्यावी.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा लाभ घेण्यासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. प्रवास शक्य नसेल तेव्हा ‘टेलिमानस’ या सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा मराठीतूनही मिळते. हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लिहून ठेवावा.