कोळशाच्या मुलखातून कोहिमाला

परदेशी मिशनरी म्हटला की आपल्या मध्यमवर्गीय डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. शाळा, इस्पितळ, हाताशी बायबल आणि बंगल्यासमोर राखलेली बाग! या चित्रात न बसणाऱ्या एका बाईंची ही हकीकत आहे. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ आपल्या वर्ध्याजवळ गेला. तरी त्यांचे नाव मराठी घरांत फारसे कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही.

मार्जोरी साइक्स यांचा जन्म १९०५ सालचा, यॉर्कशायरमधील कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. वडील शाळामास्तर. केंब्रिजला इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करून १९२८ साली बाई आगबोटीने मद्रासला आल्या, त्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायला. पुढे त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. येथवर सारे रीतसर! परंतु बाईंनी तमिळ मन लावून शिकून घेतली, खादी जवळ केली आणि क्वेकर पंथात प्रवेश केला. या पंथात पाद्री नसतो. माणसे एकत्र जमून नुसती स्तब्ध बसतात आणि ज्याला आतून सांगावेसे वाटेल तो चार शब्द बोलतो. शस्त्र हाती धरायचे नाही, हा त्यांचा जुना दंडक.

मद्रासहून त्या शांतिनिकेतनला गेल्या. तेथे बंगाली आत्मसात करून त्यांनी रवींद्रनाथांचे लेखन इंग्रजीत आणले. पुढे सेवाग्राम. आर्यनायकम पतिपत्नींच्या नयी तालीममध्ये शिक्षक तयार करण्याचे काम त्यांनी १९५९ पर्यंत जवळजवळ दहा वर्षे केले. वऱ्हाड-वर्ध्याकडचा वैशाख आपल्यालासुद्धा सोसवत नाही. तेथे ही गोरी बाई झाडलोट, सूतकताई, स्वयंपाक, शेतीकाम या आश्रमाच्या दिनक्रमात राहिली. देश स्वतंत्र झाल्यावर तिने हिंदी नागरिकत्वही घेतले. परक्या देशात रुळणे म्हणजे तेथले तिखट खाता येणे, अशी आपली समजूत असते. खरे रुळणे निराळे. जेथे आपला शब्द चालत नाही तेथे गप्प राहून ऐकता येणे, ते अधिक कठीण.

या कसोटीची वेळ आली ती बाईंच्या साठीच्या उंबरठ्यावर, नागभूमीत.

१ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झाले, पण जंगलातली लढाई थांबली नव्हती. खेड्यातला माणूस दोन्हीकडून भरडला जात होता. रात्री भूमिगत येऊन कर मागत, दिवसा लष्कर येऊन झडती घेई. अशा वेळी पुढे झाले ते चर्च. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८७२ पासून तेथे पाय रोवला होता. ते परतून गेले तरी त्यांच्यामागे उभा राहिलेला नागा बॅप्टिस्ट समाज खेडोपाडी पसरला होता. १९६४ च्या आरंभी वोखा येथे भरलेल्या त्यांच्या परिषदेने शांतता मिशनसाठी नावे सुचविली: जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा, पाद्री मायकेल स्कॉट आणि आपले शंकरराव देव. प्रत्यक्ष मिशनमध्ये पहिले तिघेच राहिले.

यांतल्या स्कॉटबद्दल दिल्लीला संशय, कारण नागा पुढारी फिझो १९६० साली लंडनला पोहोचले ते त्यांच्याच मदतीने. पण हाच मनुष्य १९४६ साली डरबनमध्ये हिंदी सत्याग्रहींच्या बाजूने उभा राहून तुरुंगात गेला होता, हे संशय घेणाऱ्यांनी आठवायला हरकत नव्हती!

६ सप्टेंबर १९६४ रोजी शस्त्रसंधी अमलात आली. तो दिवस रविवारचा होता. लष्कराने ठाण्यापासून हजार यार्डांपलीकडे गस्त घालू नये, भूमिगतांनी गणवेशात शस्त्रे घेऊन वस्तीत हिंडू नये, दंड वसूल करू नये, अशी कलमे होती. कागदावर ही सोपी दिसतात. डोंगरउतारावर, धुक्यात, कोणी कोणते कलम मोडले हे ठरवायचे कोणी? त्यासाठी निरीक्षकांचे छोटे पथक नेमले गेले. गांधीग्रामचे डॉ. अराम त्यात होते आणि मार्जोरीबाईही होत्या.

कोहिमा पावणेपाच हजार फुटांवर. बाईंची तमिळ, बंगाली, हिंदी तेथे कुचकामाची. एक दरी ओलांडली की भाषा बदलते. कामचलाऊ नागामी आणि शिकलेल्यांशी इंग्रजी, एवढाच आधार. तक्रार आली की त्या गावी जायचे, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि जे दिसले ते दोघांनाही सांगायचे. हाती ना पोलीस, ना हुकूम. निरीक्षक आपल्या विरुद्ध आहेत, असे दोन्हीकडच्या लोकांना आलटून पालटून वाटे. माझ्या मते हेच त्यांच्या कामाचे उत्तम प्रशस्तिपत्रक.

मिशन मात्र टिकले नाही. १९६६ च्या आरंभी जयप्रकाश बाहेर पडले. एप्रिलमध्ये आसामात लमडिंग व डिफू येथे आगगाड्यांत स्फोट होऊन अनेक निरपराध माणसे मेली आणि मे महिन्यात स्कॉटना देशाबाहेर काढण्यात आले. दिल्लीत इंदिराबाईंशी वाटाघाटी चालू होत्या, त्याही १९६७ मध्ये तडजोडीविना थांबल्या.

निरीक्षकांचे काम मात्र चालू राहिले. बाई १९६७ पर्यंत तेथे होत्या, अराम त्यानंतरही. कुरबुरी होतच होत्या, तरी शस्त्रसंधीची मुदत पुन:पुन्हा वाढत गेली आणि ती १९७२ पर्यंत तगली. आठ वर्षे! तेवढ्या अवधीत कित्येक गावांत लोकांना बंदुकीच्या धाकावाचून भात लावता आला, आणि झूमच्या शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परतला.