मेंदूचा पक्षाघात : हालचालींचे शिक्षण

मूल नऊ-दहा महिन्यांचे होऊनही बसत नाही, एक मूठ सदैव मिटलेली राहते, उचलून घेतले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. ‘होईल हळूहळू’ असे म्हणून घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात आणि त्या धीरापायी मोलाचा काळ निघून जातो.

ही लक्षणे मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजेच सेरेब्रल पाल्सीची असू शकतात. जन्माच्या आगेमागे वाढत्या मेंदूला इजा पोहोचल्याने स्नायूंवर त्याचे नीट नियंत्रण राहत नाही. ही इजा पुढे वाढत नाही. परंतु मूल उंच होत असताना ताठ स्नायू आखूड पडतात आणि सांधे आखडतात. पुष्कळ मुलांची बुद्धी मात्र शाबूत असते.

व्यायाम म्हणजे तेल लावून हातपाय ताणणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दुसऱ्याने हात हलविल्याने मुलाला हात हलविता येऊ लागत नाही. हालचाल त्याने स्वतः, काही हेतूने आणि पुनःपुन्हा करावी लागते. एकच बाजू दुबळी असल्यास चांगल्या हाताला काही वेळ मोजा घालून दुबळ्या हाताने चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकावयास देतात. चौरंगावर बसवून, पावले जमिनीला टेकवून, खेळणे किंचित बाजूला धरले की धड वळते व तोल साधतो. चौरंगावरून उठणे-बसणे हा पायांचा उत्तम व्यायाम होय. कोणता व्यायाम किती करावा, हे भौतिकोपचारतज्ज्ञाने ठरवावे. मूल वेदनेने रडत असता जोर लावू नये. सदऱ्याची गुंडी लावणे हाही व्यायामच. सकाळच्या घाईत आईला तेवढी सवड नसते, यात तिचा दोष नाही. ते काम संध्याकाळी करावे.

मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये अशा मुलांसाठी संस्था काढली, तेव्हा सोयी तुरळक होत्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची व्यवस्था आहे. २०१६ च्या कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तपासणीच्या दिवशी असे मूल घरीच राहणार नाही, हे पंचायत सदस्यांना पाहता येईल. वर्गात त्याचे पाय लोंबकळत असतील, तर शिक्षकांनी पायांखाली पाट ठेवावा. पाय टेकले की लिहिणारा हात स्थिरावतो.